संगणकाचा पालट आणि कामगाराचा पगार

आयुष्याची तीसएक वर्षे कामगार संघटनेत घालविलेल्या माणसाने संगणकाच्या विषयावर बोलावे, याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. आम्ही इंजिनिअर नाही, कॉलेजची पायरीही चढलेलो नाही. जे थोडेबहुत समजते ते पगारपत्रके तपासता तपासता, हिशेबनिसांच्या टेबलाशी बसून आणि संगणक विभागातील तरुण मंडळींना प्रश्न विचारून विचारून शिकलेलो आहोत. परंतु विषयच असा आहे की, तो केवळ इंजिनिअरांवर सोपवून चालणार नाही. आज कारखाना असो, इस्पितळ असो की नगरपालिका असो, माणसाची हजेरी, रजा, फंड आणि पगार हे सारे एका संगणकप्रणालीच्या पोटात असते. ती प्रणाली बदलावयाची वेळ येते तेव्हा पूर्वतयारी नीट झाली नाही, तर त्याचा भार शेवटी कोणावर पडतो? ज्याच्या घरी महिन्याच्या पगारावर वाण्याची उधारी आणि मुलांची फी अवलंबून असते त्याच्यावर. म्हणून या तयारीचे शास्त्र साध्या भाषेत समजून घेणे हे आपणा सर्वांचे काम आहे, असे आम्ही मानतो.

स्वतःचे घर आणि भाड्याची खोली

प्रथम शब्दांचा उलगडा करू. संस्थेला लागणारी मोठी प्रणाली दोन प्रकारांनी मिळते. एक म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रावर चाललेली आपण भाड्याने वापरावयाची, आणि दुसरी म्हणजे आपल्याच इमारतीत, आपल्याच सर्व्हरवर बसविलेली. पहिली भाड्याच्या खोलीसारखी आहे. छप्पर गळले तर घरमालक पाहील. पण तो रंग कोणता देणार आणि केव्हा देणार, हेही तोच ठरवील. दुसरी स्वतःच्या घरासारखी. कुलूप आपले, किल्ली आपली, कागदपत्रे आपल्या कपाटात. मात्र पावसाळ्यापूर्वी कौले फिरविण्याचे कामही आपलेच. ज्या संस्थेने आपली माहिती आपल्याच ताब्यात ठेवण्याचा निश्चय केला, तिने हा कौले फिरविण्याचा खर्चही पत्करलेला असतो. पुष्कळ ठिकाणी पहिल्या गोष्टीचा अभिमान दिसतो आणि दुसरीचा विसर पडलेला असतो.

बदलही दोन प्रकारचे असतात. किरकोळ बदल म्हणजे फुटलेले कौल बदलणे. मोठा बदल म्हणजे वासे आणि आढेच बदलणे. याचे उत्तम उदाहरण म्हणजे पोस्टग्रेस ही माहिती साठविण्याची प्रणाली. ती फुकट मिळते आणि जगभर वापरली जाते. तिची नवी मोठी आवृत्ती साधारणपणे दरवर्षी निघते आणि प्रत्येक मोठ्या आवृत्तीची देखभाल तिचे कर्ते पाच वर्षे करतात. त्या पाच वर्षांत मधून मधून किरकोळ दुरुस्त्या येतात. त्या बसविताना साठविलेल्या माहितीला धक्का लागत नाही. पण एका मोठ्या आवृत्तीतून दुसरीत जाताना माहिती ठेवण्याची आतली मांडणीच बदललेली असू शकते, म्हणून सारी माहिती नव्या घरात रीतसर हलवावी लागते. तात्पर्य, 'अपग्रेड' हा शब्द एकच असला तरी त्याखाली दोन निराळी कामे आहेत. पहिल्याला एखादी संध्याकाळ पुरेल; दुसऱ्याला काही महिने लागतील.

बदल का टाळता येत नाही

'चालले आहे ते चालू द्या' हे म्हणणे आम्हांला नवे नाही. आमच्यातीलच अनेक कामगार तसे म्हणतात, आणि त्यांच्या म्हणण्याला इतिहास आहे. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तो नोकऱ्यांच्या काळजीपोटी. पुढे १९८३ साली बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बँकांच्या संघाशी यंत्रीकरणाविषयी करार केला. यंत्र येणारच असेल तर ते आमच्याशी बोलून, अटी ठरवून येऊ द्या, ही भूमिका चळवळीने तेव्हा घेतली. आमच्या मते आजही तीच भूमिका योग्य आहे. कारण जुन्या प्रणालीला कायमचे चिकटून राहणे हे कामगाराच्याही हिताचे नाही.

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाचा संगणकी उपद्रव जगभर पसरला. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ ट्रस्टांपैकी किमान ८० ट्रस्टांना त्याची झळ पोहोचली आणि रुग्णांच्या हजारो ठरलेल्या भेटी रद्द कराव्या लागल्या. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजविणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच, प्रसिद्ध केलेली होती. ती बसविलेली नव्हती एवढेच. जुन्या आवृत्तीची देखभाल संपली की अशी भगदाडे तशीच उघडी राहतात. पुष्कळ मोठ्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत वापरात असलेल्या सॅपच्या जुन्या प्रणालीची नेहमीची देखभाल २०२७ अखेर संपेल, असे त्या कंपनीने २०२० सालीच जाहीर केले. अशी तारीख आधी कळते, हा मोठा फायदा आहे. त्याचा उपयोग करणारे थोडे; तारीख दाराशी येऊन ठेपली की धावाधाव करणारेच फार.

या धावाधावीचे फळ ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने चाखले. तेथील आरोग्य खात्यातील सुमारे ७८,००० लोकांचा पगार करणारी प्रणाली जुनी झाली होती आणि तिचा विक्रेत्याकडून मिळणारा आधार संपला होता. मार्च २०१० मध्ये नवी प्रणाली सुरू करण्यात आली. चाचण्यांत गंभीर दोष सापडले होते; पण ते दुरुस्त करण्याऐवजी त्यांची प्रतवारी खाली आणून मार्ग मोकळा करण्यात आला. परिणामी परिचारिका, वॉर्डातील नोकर, डॉक्टर अशा हजारो लोकांना कमी, जास्त किंवा शून्य पगार मिळाला. २०१३ साली चौकशी आयोगाचा अहवाल आला तेव्हा या घोटाळ्याचा एकंदर भार सुमारे १२० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर धरला जात होता.

तयारीच्या सहा पायऱ्या

आता मूळ विषयाकडे वळू. मोठ्या बदलाची तयारी कशी करावी?

पहिली पायरी : घरातील वस्तूंची यादी. प्रणाली एकटी कधीच नांदत नाही. फाटकावरचे हजेरीचे यंत्र तिला आकडे देते. ती बँकेला पगाराची फाइल देते, फंडाच्या कार्यालयासाठी तक्ता काढते. शिवाय प्रत्येक संस्थेने आपल्या सोयीसाठी तिच्यात काही डागडुजी करून घेतलेली असते. कोठे रात्रपाळीचा भत्ता वेगळा, कोठे एखाद्या जुन्या करारातील 'व्यक्तिगत वेतन' निराळे. ही डागडुजी बहुधा कागदावर कोठेच नसते. ती एखाद्या जुन्या कारकुनाच्या डोक्यात असते. एका कारखान्यात आम्ही पाहिले की, दोन खात्यांच्या भत्त्याचा हिशेब एक बाई दर महिन्याला स्वतःच्या एक्सेलच्या तक्त्यात करीत आणि आकडा हाताने प्रणालीत भरीत. संगणक विभागाच्या यादीत त्या तक्त्याचे नावही नव्हते. म्हणून यादी करताना यंत्रांना विचारण्याआधी माणसांना विचारावे : "महिनाअखेरीस तुम्ही कोणते काम प्रणालीच्या बाहेर करता?"

दुसरी पायरी : नव्या आवृत्तीबरोबर येणारे टिपण वाचणे. काय नवे आले याची जाहिरात मोठ्या अक्षरांत असते. काय काढून टाकले ते बारीक अक्षरांत असते. आपल्याला दुसऱ्याशी कर्तव्य अधिक. नव्या आवृत्तीला सर्व्हरवर कोणती मूळ प्रणाली आणि डेटाबेसची कोणती आवृत्ती लागते, हेही तेथेच कळते. पुष्कळ प्रणालींत जुन्यावरून थेट नव्यावर उडी मारता येत नाही. गिटलॅब या नावाची, प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींची प्रणाली पाहा. तिच्या काही आवृत्त्या सक्तीच्या थांब्यांसारख्या आहेत. त्या थांब्यावर उतरून आतली माहिती पालटण्याचे काम पुरे होऊ द्यावे लागते, मगच पुढची गाडी. चार वर्षे ज्याने काहीच बदलले नाही त्याला असे अनेक थांबे एकदम घ्यावे लागतात. जागेचाही विचार आधी करावा. जुना आणि नवा असे दोन्ही संसार काही काळ एकाच घरात राहणार, तेव्हा डिस्कवर जवळजवळ दुप्पट जागा मोकळी हवी.

तिसरी पायरी : बॅकअप, आणि तो परत उतरवून पाहणे. या दोहोंत फरक आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी रात्री गिटलॅबच्याच स्वतःच्या सेवेत एका दमलेल्या इंजिनिअरकडून चुकून मुख्य डेटाबेस पुसला गेला. थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटांतील ४.५ गिगाबाइट तेवढे उरले. सुरक्षिततेचे एक ना दोन, पाच उपाय त्यांच्याकडे होते. वेळेला एकही धड उपयोगी पडला नाही. रोजचा बॅकअप घेणारे साधन डेटाबेसच्या जुन्या ९.२ आवृत्तीचे होते आणि डेटाबेस ९.६ झाला होता. त्यामुळे ते साधन कित्येक दिवस मुकाट अपयशी ठरत होते. अपयशाची सूचना देणारी पत्रे वाटेतच नाकारली जात होती. सुदैवाने दुसऱ्या एका कामासाठी सहा तास आधी कोणी हाताने एक प्रत घेऊन ठेवली होती, ती कामाला आली. मधल्या सहा तासांतील नोंदी गेल्या त्या गेल्याच. त्या कंपनीने हा सारा प्रकार लोकांपुढे उघडपणे मांडला, ही तिची थोरवी. त्यातून घ्यावयाचा बोध असा की, बॅकअपची फाइल आहे यावर विश्वास ठेवू नये. ती रिकाम्या यंत्रावर उतरवावी, तिच्यातून एखाद्या कामगाराची मागच्या वर्षीची पगारचिठ्ठी काढून पाहावी, आणि या साऱ्याला किती तास लागले ते लिहून ठेवावे.

चौथी पायरी : रंगीत तालीम. नाटकमंडळी पहिल्या प्रयोगापूर्वी रंगीत तालीम करतात, ती पडद्यासह, दिव्यांसह. येथेही तेच. चालू प्रणालीची हुबेहूब प्रत दुसऱ्या यंत्रावर उभी करून सगळा बदल आधी तिच्यावर करावा. त्या प्रतीत लोकांचे पगार आणि बँकखाती असतात, तेव्हा तिलाही मूळ प्रणालीइतकेच कुलूप हवे. तालीम निम्मी करून भागत नाही. ब्रिटनमधील टी.एस.बी. बँकेने एप्रिल २०१८ मध्ये एका शनिवार-रविवारात सुमारे ५२ लाख ग्राहकांची खाती एकदम नव्या प्रणालीत हलविली. सोमवार उजाडला तो गोंधळ घेऊनच, आणि लाखो ग्राहकांना आपल्याच खात्यापर्यंत पोहोचता येईना. पुढे चौकशीत निघाले की, बँकेची दोन माहितीकेंद्रे असताना भाराची चाचणी त्यांपैकी एकाचीच झाली होती. डिसेंबर २०२२ मध्ये नियंत्रकांनी त्या बँकेला ४ कोटी ८६ लाख पौंडांहून अधिक दंड केला.

पगाराच्या बाबतीत तालमीचा सर्वांत खरा प्रकार म्हणजे दोन चुलींवरचा स्वयंपाक. निदान दोन महिने जुन्या आणि नव्या अशा दोन्ही प्रणालींत पगार काढावा आणि माणसागणिक, पैसा न् पैसा ताडून पाहावा. एकूण बेरीज जुळली म्हणजे झाले असे नव्हे. एकाचे पन्नास दुसऱ्याच्या खात्यावर गेले तरी बेरीज जुळतेच. सरळ पगाराची माणसे तर जुळणारच. खरी परीक्षा महिन्याच्या मध्यावर बढती मिळालेल्याची, बाळंतपणाच्या रजेवरच्या बाईची, तीन पाळ्या फिरलेल्या हंगामी कामगाराची, मागील तारखेपासून वाढ मिळालेल्याची. अशा अडचणीच्या पंचवीस-तीस पगारचिठ्ठ्या आधीच निवडून ठेवाव्यात.

पाचवी पायरी : परतीची वाट आणि तिची वेळ. बदल सुरू करण्यापूर्वीच लिहून ठरवावे की, अमुक वाजेपर्यंत अमुक गोष्ट झाली नाही तर मागे फिरावयाचे, आणि तो हुकूम अमुक माणूस देईल. रात्री तीन वाजता, झोपेने डोळे तारवटलेले असताना, 'आणखी अर्धा तास पाहू' असे प्रत्येकालाच वाटते. शिवाय मागे फिरण्याला मर्यादा आहे. सकाळी फाटक उघडले, नव्या प्रणालीत हजेऱ्या पडू लागल्या, की जुन्यावर परतणे म्हणजे त्या नोंदी गमावणे किंवा पुन्हा हाताने भरणे. ही सीमारेषा कोणती, हे सर्वांना ठाऊक असावे. तारीखही शहाणपणाने निवडावी. महिनाअखेर, बोनसचे दिवस, वर्षअखेरचे हिशेब हे वर्ज्य. वेतन संहितेप्रमाणे मासिक पगार पुढील महिन्याचा सातवा दिवस संपण्यापूर्वी द्यावा लागतो. संगणक बदलत होतो, ही सबब कामगाराच्या वाण्याजवळ तर मुळीच चालत नाही. म्हणून पहिल्या महिन्यात गडबड झालीच, तर मागील महिन्याइतकी रक्कम उचल म्हणून देण्याची लेखी सोय आधी करून ठेवावी.

सहावी पायरी : माणसे. ही शेवटी सांगितली असली तरी तिची सुरुवात पहिल्या दिवसापासून व्हावयास हवी. ज्याला प्रणाली वापरावयाची आहे त्याला शिकविण्यासाठी कामाच्या वेळेतील वेळ दिला पाहिजे. जेवणाच्या सुट्टीत दाखविलेल्या चार चित्रांना शिक्षण म्हणत नाहीत. बदलानंतरचे काही आठवडे जादा माणसे लागतात, कमी नव्हे. आणि तक्रार कोठे करावयाची, ती किती दिवसांत मिटेल, हे सूचनाफलकावर मराठीत लावलेले असावे.

कॅनडाचा धडा

या सहाव्या पायरीचे महत्त्व कॅनडाइतके कोणी महागात शिकले नसेल. तेथील केंद्र सरकारच्या सुमारे २ लाख ९० हजार नोकरांचा पगार करणारी प्रणाली चाळीसएक वर्षांची जुनी होती. तिच्या जागी 'फिनिक्स' ही नवी प्रणाली आणावयाचे ठरले. राखेतून उठणाऱ्या पक्ष्याचे हे नाव. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता. त्यासाठी निरनिराळ्या खात्यांतील पगाराचे जाणकार, सुमारे १,२०० जागा, कमी करण्यात आल्या, आणि मिरामिशी या गावी एका केंद्रात सुमारे ५५० जणांवर ते काम सोपविण्यात आले. नोकरवर्गाच्या करारांतील पगाराचे नियम ८० हजारांहून अधिक होते. कंत्राटदाराने सांगितलेला खर्च मंजूर रकमेत बसेना, तेव्हा प्रणालीतील काही कामेच वगळण्यात आली. मागील तारखेपासूनचा पगार काढणे हे त्यांतलेच एक. एका खात्यात आधी करून पाहावयाचा प्रयोग रद्द झाला. कामगार संघटना थांबा म्हणत होत्या. फेब्रुवारी २०१६ मध्ये पहिला आणि एप्रिलमध्ये दुसरा टप्पा सुरू झालाच.

जून २०१७ पर्यंत दीड लाखाहून अधिक नोकरांचा पगार दुरुस्त करावयाचा राहिला होता आणि चुकलेल्या रकमा ५२ कोटी डॉलरांच्या वर गेल्या होत्या. कोणाला महिनोन् महिने पगार नाही, कोणाला जादा मिळालेला परत करण्याचा तगादा. जे जाणकार हाताने हिशेब सावरू शकले असते ते आधीच घरी गेलेले. २०१८ साली महालेखापरीक्षक मायकेल फर्ग्युसन यांनी आपल्या अहवालात हे अपयश आकलनापलीकडचे ठरविले. त्याच वर्षी सरकारने दुसरी प्रणाली शोधण्याचे जाहीर केले, आणि २०२० साली तेथील सर्वांत मोठ्या संघटनेने आपल्या सभासदांसाठी प्रत्येकी २,५०० डॉलरपर्यंत भरपाई मिळविली.

या कथेत यंत्राचा दोष थोडा आहे. बचत आधी मोजली आणि काम मागाहून समजून घ्यावयाचे ठेवले, हा खरा दोष. प्रणाली स्थिर होण्यापूर्वीच माणसे काढणे म्हणजे नव्या पुलाला भार सोसतो की नाही हे पाहण्याआधीच जुना पूल पाडणे होय.

आपण काय मागावे

व्यवस्थापनाचीही एक बाजू आहे, ती न्यायाने मांडली पाहिजे. दोन चुलींवर स्वयंपाक म्हणजे दुप्पट सरपण. तालमीला यंत्र लागते, यंत्राला पैसे लागतात. लहान पतसंस्थेला किंवा नगरपालिकेला हे जड जाते, हे आम्ही जाणतो. परंतु लहान संस्थेची तालीमही लहानच असते. दोनशे माणसांच्या पगारचिठ्ठ्या ताडून पाहणे हे दोन कारकुनांचे काही दिवसांचे काम आहे.

१९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात, ज्या सुधारणेने कामगार कमी होण्याचा संभव आहे तिची २१ दिवस आधी नोटीस देण्याची तरतूद होती. हा विषय आता २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत आला आहे. पण कायद्याने भाग पाडीपर्यंत कोणी थांबू नये, आणि आपणही थांबू नये. ज्या ज्या ठिकाणी असा पालट व्हावयाचा असेल तेथे संघटनेने चार गोष्टी लेखी मागाव्यात. तयारीच्या समितीत पगारविभागातील प्रत्यक्ष काम करणारा एक माणूस असावा. दोन महिन्यांच्या दुहेरी पगाराचा ताळा संघटनेला दाखविला जावा. पगार चुकल्यास उचलीची हमी असावी. आणि नवी प्रणाली सलग काही महिने बिनचूक चालल्याशिवाय एकाही जागेवर गदा येऊ नये.

यांतली एकही मागणी यंत्राच्या विरुद्ध नाही. उलट, त्या मान्य झाल्या तर इंजिनिअर मंडळींचेच काम सोपे होते. कारण घाई करू नका असे वरिष्ठांना सांगण्याची त्यांची इच्छा असते, पण बळ नसते. ते बळ संघटना देऊ शकते. श्रोत्यांपैकी कित्येकजण कोठे ना कोठे नोकरीत आहेत, कित्येकजण संस्थांच्या कार्यकारिणीवर आहेत. उद्या कचेरीत गेल्यावर आपल्या प्रणालीची देखभाल कोणत्या वर्षी संपते आणि तिचा बॅकअप शेवटचा केव्हा उतरवून पाहिला, हे दोन प्रश्न त्यांनी अवश्य विचारावेत. उत्तर चटकन मिळाले तर आनंदच आहे. न मिळाले, तर तयारीला सुरुवात कोठून करावयाची हे समजले, असे मानावे.